शेजारचा प्रवासी विमानात कोसळला – विमान वळवायला नको होतं का?

खिडकीपाशी

पंधरा दिवस झाले तरी डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहितेय. विभाग चुकला असेल तर संपादकांनी धागा हलवावा.

रात्रीची लांब पल्ल्याची फ्लाइट. जेवणं उरकून दिवे मालवले होते. मी खिडकीशी, मधल्या सीटवर साठी ओलांडलेले एक काका, कडेला कानात बोळे घालून गाढ झोपलेला मुलगा. सुटून चारेक तास झाले असतील. काका म्हणाले, "जरा उकडतंय का हो?" मी ब्लँकेट हनुवटीपर्यंत ओढून बसले होते. नाही म्हटलं. त्यांनी दोन मोठ्या जांभया दिल्या, शर्टाचं वरचं बटण काढलं आणि मिनिटभराने त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. झोपेत कलंडले असतील म्हणून मी हळूच सरकवलं, तर मान दुसऱ्या बाजूला लटकली. हात धरला. गार, आणि घामाने निथळणारा. चष्मा घरंगळून माझ्या मांडीवर पडला.

बेल कुठे असते तेच सुचेना. समोरच्या स्क्रीनवर बोटं मारत बसले, शेवटी ओरडले. क्रूमधली एक मुलगी धावत आली आणि एका दमात विचारायला लागली: कधीपासून असे आहेत, झटके आले का, तुम्ही यांच्यासोबत आहात का, काही आजार आहे का, यांनी काही खाल्लं-घेतलं का. मी वैतागून म्हटलं, अहो मला काय माहीत, मी ओळखतही नाही यांना, आधी त्यांच्याकडे बघा!

त्यांना उचलून मागच्या गॅलीत (जिथून जेवण येतं ती जागा) नेलं, आडवं केलं, पाय एका बॅगेवर ठेवले. कोणी डॉक्टर आहे का अशी घोषणा झाली. एक त्वचारोगतज्ज्ञ बाई आणि एक नर्स उठल्या. आणि त्या डॉक्टरबाईंकडे क्रूने चक्क ओळखपत्र मागितलं! काकांनी दोनेक मिनिटांत डोळे उघडले. वरचं बीपी ८० होतं असं कानावर आलं. ऑक्सिजन लावला. आणि त्यानंतर विमान साडेतीन तास ठरल्या ठिकाणाकडेच उडत राहिलं. उतरल्यावर आम्हाला बसवून ठेवून आधी वैद्यकीय पथक आत आलं आणि काकांना व्हीलचेअरवरून नेलं.

माझे प्रश्न दोनच. अशा वेळी माणसाकडे बघायचं सोडून चौकशा आणि ओळखपत्रं कशाला? आणि विमान जवळच्या विमानतळावर का उतरवलं नाही?

रोखठोक

सरळ आहे. वळवलं की खर्च होतो. इंधन, विमानतळाचं शुल्क, प्रवाशांच्या चुकलेल्या कनेक्शनचा भुर्दंड. माणूस जगला, कंपनीचा जुगार लागला. नसता जगला तर?

वाचनमात्र

बापरे. वाचतोय.

उजवी_खुर्ची

कॉकपिटमध्ये उजवीकडे बसतो, म्हणजे फर्स्ट ऑफिसर, सहवैमानिक आहे. तुमची फ्लाइट माहीत नसल्याने त्या कॅप्टनची वकिली करत नाही, फक्त आमच्याकडे काय चालतं ते सांगतो.

वळवायचं की नाही हा निर्णय कॅप्टनचा. प्रवाशांतले डॉक्टर मत देतात, जमिनीवरचे डॉक्टर मत देतात, कंपनीचा कंट्रोल रूम बोलतो, पण शेवटचा शब्द त्याचा. जमिनीवरचे डॉक्टर म्हणजे काय हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. बहुतेक मोठ्या कंपन्यांचा अशा सेवेशी करार असतो. अमेरिकेत फीनिक्सची मेडएअर आहे, पिट्सबर्गला तिथल्या विद्यापीठाच्या डॉक्टरांची स्टॅट-एमडी आहे. तिथे इमर्जन्सीतले डॉक्टर चोवीस तास फोनला असतात आणि रोज हेच करतात. सॅटेलाइट फोनवर त्यांना नाडी, बीपी, औषधं सांगायची आणि ते सांगतात: हे द्या, वीस मिनिटांनी पुन्हा मोजून कळवा.

आता वळवणं म्हणजे गाडी कडेला घेणं नव्हे. पस्तीस हजार फुटांवरून खाली यायलाच पंचवीस-तीस मिनिटं जातात, तेही विमानतळ नेमका त्या अंतरावर असेल तर. समुद्रावर असाल तर दोन इंजिनांच्या विमानाला जवळचा विमानतळ तीन तासांवर असणंही नियमात बसतं. मग वजन. बोइंगचं मोठं विमान, ७७७-३००ईआर, जास्तीत जास्त सुमारे ३५१ टन वजनाने उडू शकतं, पण उतरण्याची मर्यादा २५१ टनांची. चार तासांत तीस-पस्तीस टन इंधन जळतं. उरलेल्याचं काय? हवेत सोडून द्यायचं, त्याला वेळ लागतो. किंवा जड विमानच उतरवायचं. ते करता येतं, गरज पडली तर करतातही, पण नंतर विमानाची तपासणी झाल्याशिवाय उडता येत नाही. ए३२० किंवा ७३७ या छोट्या विमानांना तर इंधन सोडायची सोयच नसते.

आणि ज्या विमानतळावर उतरायचं तिथे पहाटे तीनला काय आहे? धावपट्टी लांब आहे, पण हृदयाची अँजिओप्लास्टी करणारं रुग्णालय दोन तासांवर असेल तर रुग्णाला विमानातून काढून आपण जास्त लांब नेलं असं होतं.

रोखठोक यांना: खर्चाचा विचार कुणाच्याच डोक्यात नसतो असं म्हणणार नाही. पण रुग्ण शुद्धीवर नाही किंवा छातीत दुखतंय आणि जमिनीवरचा डॉक्टर 'उतरा' म्हणाला, तर नाही म्हणणारा कॅप्टन मी अजून पाहिलेला नाही. मग रेडिओवर 'पॅन पॅन' हा तातडीचा इशारा तीनदा म्हणायचा, ट्रान्सपॉन्डरवर (रडारला विमानाची ओळख देणारं यंत्र) ७७०० हा आणीबाणीचा आकडा टाकायचा, समोरची सगळी वाहतूक बाजूला होते.

रोखठोक

'मी पाहिलेला नाही' हा पुरावा नाही. पण वजनाचं माहीत नव्हतं, ते मान्य.

भूलभुलैया

भूल देणारी डॉक्टर आहे, आयडी त्यावरूनच. दोनदा हात वर केलाय, एकदा (खरं सांगते) झोपेचं सोंग घेऊन दहा सेकंद कोणी दुसरं उठतंय का याची वाट पाहिलीय. दहा सेकंदांनी उठले, पण तेवढी पाहिली.

खिडकीपाशी, तुम्ही जे वर्णन केलंय – उकडणं, जांभया, घाम, मग मान टाकणं – ते विमानातलं सर्वांत नेहमीचं चित्र. २०१३ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये पाच विमान कंपन्यांच्या जवळपास बारा हजार घटनांचा अभ्यास आला होता. दर ६०४ उड्डाणांमागे एक वैद्यकीय घटना. त्यातल्या ३७ टक्के नुसती घेरी किंवा मूर्च्छा, १२ टक्के श्वासाच्या तक्रारी, साडेनऊ टक्के मळमळ-उलटी. विमान वळवावं लागलं ७.३ टक्के वेळा. मृत्यू ०.३ टक्के. म्हणजे तुमच्या काकांसाठी विमान वळवलं नाही यात मला तरी विचित्र काही दिसत नाही. आडवं केल्यावर दोन मिनिटांत माणसाने डोळे उघडले होते.

असं का होतं, तर केबिनमधली हवा समुद्रसपाटीची नसते. ६ ते ८ हजार फुटांच्या डोंगरावर असते तितकी विरळ ठेवलेली असते. आठ हजार फुटांना हवेचा दाब खालच्या तीन चतुर्थांशच राहतो. धडधाकट माणसाचंही बोटावरचं ऑक्सिजनचं मीटर ९७-९८ वरून ९०-९३ पर्यंत येतं. त्यात हवा कोरडी, पाणी कमी प्यालेलं, तासन् तास पाय लोंबकळत ठेवलेले, पोटात नुकतं जेवण. रक्त खाली साचतं, बीपी पडतं, मेंदू म्हणतो आडवं व्हा. आणि मधल्या सीटवर आडवं होता येत नाही! जमिनीवर माणूस घेरी येऊन पडतो आणि पडल्यामुळेच बरा होतो. सीटवर तो बांधलेला असतो, डोकं वरच राहतं. म्हणून क्रूने आधी त्यांना तिथून हलवलं, हे शंभर टक्के बरोबर केलं.

बाकी तिथे काम करणं म्हणजे काय ते कळायला एकदा करून बघावं लागतं. स्टेथोस्कोप लावला तर इंजिनाचा घों-घों आवाज ऐकू येतो, बाकी काही नाही. बीपी मोजायला कफ फुगवायचा, मनगटावर नाडी धरून बसायचं आणि हवा सोडताना नाडी परत कधी लागते तो आकडा वाचायचा. वरचंच बीपी कळतं, खालचं सोडून द्यायचं. तुमच्या कानावर नुसते '८०' आले ते त्यामुळे.

उंटावरचा_शहाणा

एक बावळट प्रश्न. ऑक्सिजन कमी होता तर डोक्यावरचे पिवळे मास्क का नाही सोडले? त्यासाठीच तर असतात ना?

उजवी_खुर्ची

बावळट नाही, दर वेळी कोणीतरी विचारतंच. बहुतेक विमानांत त्या मास्कच्या मागे ऑक्सिजनची टाकी नसते, रसायनांचा डबा असतो. ओढला की अभिक्रिया सुरू होते, पंधरा-एक मिनिटं चालते, मधे बंद करता येत नाही. केबिनचा दाब गेला तर विमान दहा हजार फुटांपर्यंत खाली आणेपर्यंतची ती सोय. रुग्णासाठी क्रूकडे वेगळे छोटे सिलिंडर असतात, साधारण मिनिटाला २ किंवा ४ लिटर देणारे. तेही मोजकेच, म्हणून लांब पल्ल्यात सिलिंडर किती पुरतील हा हिशोब वळवण्याच्या निर्णयात येतो.

गॅलीवाली

अकरा वर्षं केबिन क्रूमध्ये होते, आता सोडलं. ताई, तुमचा राग समजतो, पण प्रश्नांबद्दल लिहायलाच हवं.

आम्ही तिघं लागतो. एक रुग्णापाशी, दुसरा धावून सिलिंडर, शॉक देणारं मशीन आणि किट आणतो, तिसरा इंटरफोनवर कॉकपिटशी. रुग्णापाशी जो आहे तो जागचा हलत नाही. कॉकपिटचं दार बंद असतं, कॅप्टन बाहेर येऊन बघणार नसतो. त्याला आणि त्या फोनवरच्या डॉक्टरला जे दिसतं ते आमच्या तोंडूनच दिसतं. वय, शुद्ध आहे का, श्वास किती, नाडी किती, केव्हा सुरू झालं, कोणती औषधं चालू आहेत. यातलं अर्धं रुग्ण सांगू शकत नाही, कारण तो आडवा असतो. ते फक्त शेजारी सांगू शकतो. तुम्ही ओळखत नव्हता, ठीक, पण चार तास तुम्हीच त्यांच्या शेजारी होता.

ओळखपत्राचं म्हणाल तर त्या किटमध्ये काय असतं ते बघा. अ‍ॅड्रेनलिन, अ‍ॅट्रोपिन, ५० टक्के डेक्स्ट्रोज, सलाइन, सुया. पहिल्या मदतीची साधी पेटी आम्ही कुणालाही न विचारता उघडतो. हे दुसरं किट ज्याच्या हाती द्यायचं त्याला आम्ही आयुष्यात पहिल्यांदा बघत असतो. अंधारात. कार्ड नसलं तर दोन प्रश्न विचारतो आणि कॅप्टनला सांगून देतो, अडवून बसत नाही. एकदा घोषणेला फक्त एक गृहस्थ उठले, म्हणाले मी जनावरांचा डॉक्टर, चालेल का. जमिनीवरच्या डॉक्टरला विचारलं, तो म्हणाला सलाइन लावता येतं ना, मग लावू दे. पाणी आटलेल्या बाईची नस त्यांनी पहिल्या टोचणीत शोधली.

अवांतर: आमच्या पेशात बायकांची सुरुवातच मुळी नर्सनी केली. एलेन चर्च ही पहिली, १५ मे १९३० ला बोइंग एअर ट्रान्सपोर्टच्या विमानात चढली आणि सुरुवातीच्या सगळ्या मुली प्रशिक्षित नर्सच असाव्या लागत. नंतर लोकांनी आम्हाला ट्रॉलीवाल्या करून टाकलं.

वाचनमात्र

विचारू की नको असं होतंय, पण कोणी वारलं तर काय करतात? मागच्या गॅलीत ठेवतात असं ऐकलंय.

गॅलीवाली

छातीवर दाब देणं चालू करतो, शॉकचं मशीन लावतो. सीटांमधल्या वाटेत गुडघे टेकायला जागा नसते म्हणून गॅलीत किंवा दाराजवळच्या मोकळ्या जागेत ओढून नेतो, आणि दर दोन मिनिटांनी माणूस बदलतो. तीस मिनिटं केलं, मशीन शॉक सुचवत नाही, हृदय चालू झालं नाही, तर थांबवता येतं असं विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचं, आयाटाचं, मार्गदर्शन आहे. त्या वेळी तिथे डॉक्टर नसेल तर 'मृत' असं आम्ही जाहीर करत नाही.

नंतर शक्यतो मोकळ्या रांगेत सीटवर ठेवतो, पट्टा बांधतो, डोळे मिटवतो, ब्लँकेट मानेपर्यंत. चेहऱ्यावर ओढत नाही. विमान भरलेलं असेल तर त्यांच्या स्वतःच्या सीटवर. माझ्या वाट्याला एकदा आलं. त्यांची पत्नी शेजारीच बसून राहिली, हात धरून, पाच तास. तिला दुसरी सीट देऊ केली तर म्हणाली इथेच बरी आहे.

भूलभुलैया

शॉकच्या मशीनवरून एक. हे विमानात फार पूर्वीपासून नव्हतं. क्वांटासने १९९१ मध्ये ठेवायला सुरुवात केली, अमेरिकन एअरलाइन्सने १९९७ मध्ये. त्या अमेरिकन कंपनीच्या अनुभवावर २००० साली लेख आला: ज्यांच्या हृदयाची लय खरंच शॉक द्यावी अशी बिघडली होती आणि शॉक मिळाला, त्यातले ४० टक्के बरे होऊन घरी गेले. चाळीस हा आकडा तुम्हाला कमी वाटेल. भर शहरात रस्त्यावर कोसळलेल्यांचं काय होतं ते रोज पाहणाऱ्यांना तो केवढा आहे ते कळेल. कारण सोपं आहे, विमानात मशीन काही मिनिटांच्या अंतरावर असतं आणि ते कसं लावायचं हे शिकलेली माणसं तिथेच असतात. २००४ पासून अमेरिकेच्या मोठ्या प्रवासी विमानांत ते सक्तीचं आहे.

जुनी_कात्रणं

डॉक्टर, १९९५ ची हाँगकाँग-लंडन फ्लाइट आठवली. प्राध्यापक अँगस वॉलेस, हाडांचे सर्जन. विमानतळावर येताना मोटरसायकलवरून पडलेली एक प्रवासी. आधी फक्त हात दुखतोय म्हणत होती, वर गेल्यावर छातीत दुखायला लागलं, श्वास कोंडला. फुफ्फुसाबाहेर हवा साचलेली. वॉलेस यांनी दुसऱ्या एका डॉक्टरच्या मदतीने कपडे टांगायच्या हँगरची तार सरळ केली, ब्रँडीने निर्जंतुक केली, किटमधली लघवीची नळी तिच्यावर चढवून छातीत घातली आणि दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत सोडलं. बाई वाचल्या.

रोखठोक

वा! असे डॉक्टर पाहिजेत. नाहीतर कार्ड मागत बसा.

भूलभुलैया

रोखठोक, ती गोष्ट आम्हीही विद्यार्थ्यांना सांगतो, पण वेगळ्या कारणासाठी. वर गेल्यावर का वाढलं ते बघा. दाब कमी झाला की कोंडलेली हवा जवळजवळ एक तृतीयांशाने फुगते. म्हणून पोटाचं मोठं ऑपरेशन नुकतंच झालेलं, डोळ्यात गॅसचा बुडबुडा सोडलेला, ताजं घट्ट प्लास्टर, अशांना डॉक्टर 'इतक्यात विमान नको' म्हणतात आणि लोक म्हणतात, तिकीट काढून झालंय हो. हँगरची वेळ येऊ नये हे जास्त महत्त्वाचं. आणि तिथेही अडलेलं काम एका विशेषज्ञाला नेमकं येत होतं. त्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी बीपी घेतलं, पाय वर ठेवून थांबल्या. थांबता येणं हेही यावं लागतं.

उंटावरचा_शहाणा

आणि डॉक्टरवरच केस झाली तर?

भूलभुलैया

देशागणिक वेगळं. हवेत साधारणपणे विमान ज्या देशात नोंदलेलं असतं तिथला कायदा लागतो. अमेरिकेत १९९८ चा खास कायदा आहे: फुकट, सद्हेतूने मदत केली आणि घोर निष्काळजीपणा नसेल तर डॉक्टरला संरक्षण. तिथे किंवा ब्रिटनमध्ये उठायलाच हवं अशी सक्ती नाही. फ्रान्स, जर्मनीत संकटातल्या माणसाला मदत न करणं हाच गुन्हा ठरू शकतो. दोन पेग झाले असतील तर मात्र मी उठून आधी तेच सांगेन.

पाऊलवाट

वडिलांना सीओपीडी (फुफ्फुसांचा जुनाट आजार) आहे, चालताना दम लागतो, घरी ऑक्सिजन नाही. पुढच्या महिन्यात नऊ तासांचा प्रवास. न्यावं का?

भूलभुलैया

न बघता हो-नाही सांगणार नाही. त्यांच्या छातीच्या डॉक्टरांना 'विमानाने नऊ तास' हे शब्द वापरून विचारा, नुसतं 'प्रवास' म्हणू नका. जमिनीवरच ऑक्सिजन ९२ च्या आसपास असेल तर वर गेल्यावर घसरायला जागाच उरत नाही. कंपनीचा मेडिफ नावाचा वैद्यकीय फॉर्म असतो, तो आधी भरून द्यावा लागतो. स्वतःचा भरलेला सिलिंडर बहुतेक ठिकाणी नेऊ देत नाहीत, बॅटरीवरचा मान्यताप्राप्त कॉन्सन्ट्रेटर (हवेतूनच ऑक्सिजन गोळा करून देणारं यंत्र) आधी कळवून नेता येतो, बॅटऱ्या प्रवासाच्या वेळेपेक्षा बऱ्याच जास्त घ्या. पंप आणि गोळ्या हातातल्या बॅगेत. सामानात टाकू नका.

खिडकीपाशी, एक विचारायचं राहिलं. त्या काकांना बीपीची गोळी चालू होती का? कधी घेतली होती?

खिडकीपाशी

सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. डॉक्टर, तुमचा प्रश्न वाचून मोबाइल बाजूला ठेवला आणि थोडा वेळ बसून राहिले.

विमान सुटल्यावर काकांनी घड्याळ काढून उतरायच्या ठिकाणची वेळ लावली होती. माझ्याकडे बघून हसले, म्हणाले, "आत्तापासून सवय केलेली बरी." जेवण आलं तेव्हा घड्याळात बघितलं आणि "अरे, नऊ वाजले" म्हणत खिशातल्या निळ्या डबीतून एक गोळी घेतली. पाणी मीच त्यांच्या ग्लासात ओतलं, त्यांच्या बाटलीचं झाकण निघत नव्हतं. आणि त्याआधी, गेटवर बसलो होतो तेव्हा, तीच डबी त्यांच्या हातात पाहिली होती. तिथेही नऊ वाजले असणार.

भूलभुलैया

रात्रीची गोळी दोनदा. नेमकं तेच झालं असं इथे बसून कोणी म्हणू नये, पण फोनवरच्या डॉक्टरला हे कळलं असतं तर त्याच्या यादीत सगळ्यात वर आलं असतं, आणि वळवायचं नाही हे त्याने आणखी खात्रीने सांगितलं असतं.

रोखठोक

ताई, वाईट वाटून घेऊ नका. त्या क्षणी कुणाला आठवतं.

खिडकीपाशी

आठवत नव्हतं असं नाही हो. तिने विचारलं, "यांनी काही घेतलं का?" आणि मला ती निळी डबी डोळ्यांसमोर दिसली होती. पण मी तिच्यावर चिडले होते.